मयत भिमीचं मत

आपण मेलो आहोत हे भिमीला शहापूरच्या एका सभागृहात, दुसरा समोसा खाताना कळलं. २००४ची दिवाळी तोंडावर आली होती.

मुंबईची एक संस्था किन्हवलीच्या आसपासच्या वाड्यांवर क्षयाच्या गोळ्या घरपोच देत होती. त्यानं लोक बरे होतात का, हे आकडे सांगणार. आणि आकडे कसे मोजायचे हे ठरवताना पेशंटांनाही विचारायचं, असं संस्थेत नवीनच निघालं होतं. म्हणून ठणठणीत बरी झालेली भिमी समितीवर आली. उंबरवाडीत सगळ्यात मोठा आवाज तिचा, एवढी पात्रता पुरली.

आकडेवाल्या दिपाली मॅडम पडद्यावर रंगीत खांब दाखवत होत्या. "उंबरवाडीचा हा लाल खांब, मयत. शेवटच्या तपासणीला जे आले नाहीत, ते आपण मयत धरतो. वाईटात वाईट काय ते धरायचं, अशी पद्धत आहे."

भिमीनं समोसा खाली ठेवला. "तपासनी कदी होती?"

"जानेवारीत."

"जानेवारीत अख्खी वाडी वीटभट्टीवर असते, मॅडम. मी पन होते. म्हंजे मी मेले?"

मॅडमनी कागद चाळले. "आकड्यांपुरत्या."

"बायको मेली नि माज्या नवऱ्याला पत्ता नाय! काल भाकर मागून खाल्लीन की माज्याकडं!"

सभागृह हसलं. भिमीला हसू येईना. तो खांब लालच राहिला, तर उपयोग नाही म्हणून घरपोच गोळ्या बंद होणार होत्या. तिच्या जावेला, पारूला, नुकत्याच गोळ्या चालू झालेल्या. ती ओसरीवरून चुलीपर्यंत जाताना दोनदा बसते. दिवसाआड किन्हवलीच्या दवाखान्यापर्यंत काय रांगत जाणार?

"मेलेल्यांनी विटा थापल्या? मुकादमानं मढी कामाला लावलीन?" भिमी उभीच राहिली. "न आलेला मेला धरू नका. भट्टीवर जा नि बगा. जिता दिसला तर जिता धरा."

"फार मोलाची सूचना," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या बैठकीत मताला टाकू. जानेवारीत."

"जानेवारीत? आता मी काय बोंबलले?"

"बैठका जानेवारीतच असतात, भिमीताई."

जानेवारीत भिमी भट्टीवर चिखल तुडवत होती. होळीला वाडीवर परतली, तर दारात संस्थेची जीप, आणि दिपाली मॅडम पारूला समजावताहेत की पुढच्या महिन्यापासून गोळ्यांना किन्हवलीला यायचं.

"माज्या सूचनेचं काय झालं?" भिमीनं विचारलं.

"नामंजूर. जुनीच पद्धत राहिली. एकमतानं."

"एकमतानं? मी तर भट्टीवर होते."

"गैरहजर सभासदांची संमती धरतो आपण."

"तपासनीला नाय आले तर मेले, नि मीटिंगला नाय आले तर हो म्हनले?"

"त्या दोन वेगळ्या पद्धती आहेत."

भिमीनं तोंडातलं पान थुंकलं. मग अगदी हळू, मऊ आवाजात तिनं विचारलं, "मॅडम, गोळ्या संपेस्तोवर पारूला दिवसाआड या जीपनं न्याल ना? का नाय?"

मॅडमनी ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हरनं डोंगराकडं बघितलं. कुणी काही बोललं नाही.

"कुनी बोललं नाय. म्हंजे संमती," भिमी म्हणाली. तिनं पुढचं दार उघडलं, मॅडमची पर्स मागच्या सीटवर टाकली नि जावेला हात दिला. "चड गो, पारू. एकमतानं मंजूर झालंय."