काळी चिकटपट्टी

माझा सगळा संसार माझ्या उजव्या डोळ्यावर चालला. आधी दिवे उचलले, मग कॅमेऱ्याच्या पेट्या. एकदा मोठे छायाचित्रकार ऐन चित्रीकरणात आजारी पडले आणि कॅमेरा माझ्या खांद्यावर आला, तो कायमचाच. सिनेमे कमी झाले तसा मालिकांकडे वळलो. हल्ली सगळे मॉनिटरवर बघून काम करतात. मी अजून व्ह्यूफाइंडरलाच डोळा लावतो. डोळा टेकला की भोवतालचा गलका विरून जातो.

परवा जेवणाच्या सुट्टीनंतर डोळा लावला, तर चित्र धुरकट.

"फोकस गेलाय गं," मी म्हणालो.

फोकस सांभाळणारी पोर मॉनिटरपाशी होती. "काहीतरीच काय काका! पापणीचा केस न् केस दिसतोय. या, बघा."

बघितलं. तिचं बरोबर होतं.

व्ह्यूफाइंडरला एक कडं असतं. ज्याच्या त्याच्या नजरेप्रमाणे ते फिरवायचं; चित्रीकरणात त्याने फरक पडत नाही, फक्त बघणाऱ्याला स्पष्ट दिसतं. माझ्या डोळ्याला जुळवून मी त्यावर काळी चिकटपट्टी लावून ठेवली होती आणि तिला कुणी हात लावायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पट्टी जागच्या जागी होती. म्हणजे दोष डोळ्याचाच.

थोरल्या भावाची नजर अशीच गेली होती, आधी एका डोळ्याची. डावा डोळा झाकून समोरची भिंत बघावी, एवढंही धाडस झालं नाही. त्या दिवसाचं उरलेलं आणि कालचं काम मी अंदाजाने रेटलं.

काल रात्री घरी बायकोला सांगितलं. ती खुर्चीवर चढून माळा आवरत होती.

"कोपऱ्यातलं जाळं काढा म्हटलं तेव्हाही दिसत नव्हतं तुम्हाला," ती म्हणाली. "बरं निमित्त सापडलं."

मी हसलो नाही. तशी ती खाली उतरली आणि शेजारी येऊन बसली.

"डॉक्टरकडे जाऊ."

"आधी काम सोडतो. उद्या कुणाचं चित्र बिघडलं तर?"

"बरं," ती म्हणाली. "मग घरी बसा, आणि मला छळा."

सकाळी दिग्दर्शकाला सांगायचं ठरवूनच गेलो. तो माझ्या पुतण्याच्या वयाचा. जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्मिष म्हणतात, तोंडावरसुद्धा. स्वयंपाकघराचा सेट लागला होता. मालिकेतली आई खिडकीपाशी उभी होती, तिच्या गालावर मी उजेड पाडून ठेवला होता.

"थोडं बोलायचं होतं," मी म्हणालो.

"बोला ना काका. थांबा, आधी हे बघू द्या." त्याने चष्मा कपाळावर सरकवला, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि खूश झाला. "वा! काय स्वच्छ दिसतंय!"

"चष्म्याशिवाय?"

"हो ना, चष्मा मध्ये येतो. म्हणून परवा तुम्ही जेवायला गेलात तेव्हा ते कडं फिरवून घेतलं. पण काका, तुमची पट्टी होती तशी परत लावली हं! बोट फिरवून चिकटवली."

मी कॅमेऱ्याच्या दांड्याला धरून इतका हसलो की खोकला आला. फोकसवाली पोर पाणी घेऊन धावली. आधी तिला काही कळेना, मग ती चष्मिषवर उखडली.

"अरे, फिरवलंस तर सांगायचं तरी! काका परवापासून धड जेवले नाहीत."

"मला वाटलं पट्टी लावली की झालं!"

पट्टी सोलून मी कडं हळूहळू फिरवलं. धुकं सरलं. आधी खिडकीची चौकट आली, मग गाल, मग आईच्या ओठावरचा बारीक तीळ.

"काका, बोलायचं काय होतं?" चष्मिषने स्वतःचे कान धरत विचारलं.

"काही नाही. बाई, हनुवटी जरा खाली घ्या. हां, तश्शी."

शॉट झाल्यावर बायकोला फोन केला. सगळं तिने ऐकून घेतलं. नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे डोळे धड आहेत?"

"अगदी धड."

"मग संध्याकाळी वेळेवर या," ती म्हणाली. "जाळं तसंच ठेवलंय."