दोनशे चौदा जणांची खात्री

ताईने तेच वीस मिनिटांचं नमुन्याचं गणित तिसऱ्यांदा चालवलं आणि तिसऱ्यांदा उत्तर वेगळं आलं.

"तीच आकडेवारी, तोच प्रोग्राम. कॉम्प्युटरला मूड असतो का गं?"

जमिनीत पाणी कसं झिरपतं, यावर तिचा प्रबंध आहे. तो सोमवारी द्यायचा होता. आज गुरुवार. त्यातली सगळी साठ गणितं याच कॉम्प्युटरवर महिनाभर चालली होती.

मी मोबाइल हातात घेतला.

महिन्यापूर्वी ती परिषदेला गेली तेव्हा मी प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या वर वाढवून ठेवला होता. 'एका गणिताला अकरा तास लागतात' हे रडगाणं ऐकून कान किटले होते. अंदाधुंद काही केलं नव्हतं. एका संकेतस्थळावर लोक आपापल्या प्रोसेसरने किती वेग गाठला, ते नोंदवतात. आमच्याच प्रोसेसरच्या दोनशे चौदा नोंदी मी उतरवून घेतल्या, आलेख काढला आणि दहातल्या नऊ जणांना जमलेला वेग निवडला. वर सावधपणाबद्दल स्वतःची पाठ थोपटली. ताई परतल्यावर म्हणाली, "अगं, हे पळायला लागलं की!" मी म्हटलं, "धूळ काढली."

आता मोबाइलवर तीच यादी उघडली आणि तेव्हा गाळलेला रकाना वाचला : किती वेळ तपासलं? 'दहा मिनिटं.' 'एक गेम खेळलो, मस्त.' 'चालू झालं ना, बास.' ज्यांचं मशीन बंद पडलं ते कशाला नोंद करायला येतील? आणि न थांबता, गुपचूप चुकीचं उत्तर देणारं मशीन तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

"ताई, तो मूड मी घातलाय," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. "कधीपासून?"

"तू परिषदेला गेलीस त्या दिवसापासून."

"म्हणजे सगळंच."

"पण फरक पाचव्या दशांशात आहे. आलेखात दिसणारसुद्धा नाही."

"या नमुन्यात. बाकीच्या साठांत कुठे, किती, सांगतेस? सायन्सवाली ना तू?"

मी वेग मूळ जागी आणला. नमुना चार वेळा चालवला, चारही वेळा उत्तर शेवटच्या अंकापर्यंत तेच आलं. सगळं पुन्हा करायचं तर साठ गुणिले अकरा तास. साडेसत्तावीस दिवस. हिशोब दोघींनी मनातच केला.

ताईने मार्गदर्शकांना फोन लावला.

"सर, सोमवारी जमणार नाही... नाही सर, उत्तरं चुकलीत असं नाही म्हणत. बरोबर आहेत का, तेच सांगता येत नाहीये... नाही, चूक दुसऱ्या कुणाची नाही. मशीन माझं आहे, मी तपासायला हवं होतं."

पलीकडचा आवाज चढला. ती "हो सर, हो सर" म्हणत राहिली. मी फोनसाठी हात पुढे केला. तिने मान हलवली आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.