बत्तीसशेचा हट्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला लिफ्टची वाट बघवत नाही, हे कुणाला पटायचं नाही. पण हा मेकॅनिक खरोखरच आठ-आठ मजले जिन्याने चढायचा. पायाला भिंगरी, म्हणून कंपनीत सगळे त्याला भिंगरीच म्हणत. उकळी फुटण्याआधीच तो चहा गाळायचा आणि वर चहा पांचट झाला म्हणून कुरकुरायचा.

बायको नेमकी उलट. ती पाणीखात्यासाठी घरी बसून नकाशे करायची. रस्त्याखालचे नळ, जोड, व्हॉल्व्ह, सगळं जुन्या पिवळ्या कागदांवरून कॉम्प्युटरवर उतरवायचं. खोदणारी माणसं तिच्या रेषेवर भरवसा ठेवून कुदळ मारत. चौदा वर्षांत तिचा एकही व्हॉल्व्ह वीतभर हलला नव्हता. हे ती स्वतः कधी सांगत नसे, पाणीखात्याचे साहेब सांगत.

आता अख्ख्या शहराचा नकाशा एकत्र जोडायचं काम आलं, आणि तिचा कॉम्प्युटर धापा टाकू लागला. नकाशा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवला की तेवढ्यात ती भाजी निवडून घ्यायची. तिची काही तक्रार नव्हती. भिंगरीला मात्र पडद्यावरचं ते गोल फिरणारं चक्र बघून अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं.

रविवारी तो रॅमची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीची, आणखी एक पट्टी घेऊन आला. दुकानदाराने त्याला विचारलं होतं, "आधीची कुठली आहे? घ्यायच्या तर दोन्ही सारख्याच घ्या." आधीची चोवीसशे वेगाची होती, ही बत्तीसशेची.

"एकत्र चालतील ना?"

"चालतील की. पण दोन्ही चोवीसशेनंच चालतील. नवीला जुनीच्या पावलानं चालावं लागतं."

हे काही भिंगरीला पटेना. बत्तीसशेची वस्तू आणायची आणि चोवीसशेनं रखडवायची? घरी येऊन त्याने पट्टी बसवली आणि बायको अंघोळीला गेल्यावर सेटिंगमध्ये शिरून दोन्ही पट्ट्यांचा वेग बत्तीसशे करून टाकला. कॉम्प्युटर दोनदा काळाठिक्कर पडला. तिसऱ्यांदा सुरू झाला. पी हळद नि हो गोरी असा स्वभाव असलेल्या माणसाला आणखी काय हवं?

"बघ," नकाशा सर्रकन सरकवून दाखवत तो म्हणाला, "याला म्हणतात वेग!"

सेटिंगचं तो काही बोलला नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नाही.

बुधवारी तिला नकाशात एक व्हॉल्व्ह तळ्याच्या मधोमध सापडला.

"अहो, हा इथे मी ठेवला?"

"मग काय मी ठेवला? लक्ष नसेल तुझं. पन्नाशी उलटली आता, व्हायचंच असं." तो आपल्याच विनोदावर हसला. ती हसली नाही.

गुरुवारी एक नळ शाळेच्या इमारतीतून आरपार गेलेला निघाला. शुक्रवारी आणखी तीन चुका. प्रत्येक वेळी ती जुना कागद काढून बघायची. कागदावर तिच्याच हातची लाल पेन्सिलची खूण असायची, म्हणजे तिने ते आदल्या दिवशी तपासलेलं होतं. मग बदललं कधी? काही केल्या आठवत नव्हतं. तिने जेवण अर्धं टाकलं. भिंगरी विचारायचा, "काय झालं?" आणि उत्तर येण्याआधी दुसऱ्या खोलीत पोचलेला असायचा.

शुक्रवारी संध्याकाळी तिने त्याचा हात धरून त्याला खुर्चीवर बसवलं. "माझं आईसारखं सुरू झालंय," ती म्हणाली.

सासूबाईंचंही बावन्नाव्या वर्षीच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडू लागल्या. मग एके दिवशी त्यांनी पोटच्या लेकीला विचारलं, "तू कुणाची गं?" पुढची सहा वर्षं या लेकीने त्यांना भरवलं, पुसलं, रोज नव्याने आपली ओळख करून दिली. भिंगरीने ते सगळं जवळून पाहिलं होतं.

"छे! काहीतरीच बोलतेस."

"उद्या नकाशा द्यायचाय. मी देणार नाही. साहेबांना लिहून देते, हे काम माझ्याकडून काढून घ्या म्हणून. माझ्या चुकीच्या रेषेवर कुणी खोदलं आणि काही झालं तर?"

भिंगरी उठला. गॅलरीत गेला, परत आला, धड असलेल्या बिजागरीचे स्क्रू पिळत बसला. त्याला भीती वाटत होती. सरळ, उघडी भीती. हिने आपल्याला ओळखलं नाही तर आपण काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी तो एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या खोलीत होता. इमारतीचे सेक्रेटरी चार पोलादी दोरांकडे बघत म्हणाले, "एकच झिजलाय ना? मग तेवढाच बदला की."

भिंगरीचं हे आवडतं व्याख्यान. "दोर एकटा बदलत नसतात, साहेब. नवा नि जुना एका चाकावर घातले की ताण सारखा पडत नाही. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं. लिफ्ट चालते, तुम्ही खूश. पण ज्याला झेपत नाही तो काही ओरडून सांगत नाही, तो आपला आतल्या आत…"

तो थांबला.

"आतल्या आत काय?" सेक्रेटरींनी विचारलं.

रविवारी पट्टी. बुधवारी तळ्यातला व्हॉल्व्ह. त्याआधी चौदा वर्षं एकही नाही. जुन्या पट्टीला बत्तीसशे झेपत नव्हतं, ती न ओरडता आतल्या आत नकाशातले आकडे बिघडवत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच! "आलोच," म्हणून भिंगरी हत्यारं तिथेच टाकून जिना उतरू लागला.

घरी ती टेबलाशी बसली होती. समोरच्या कागदावर दोन ओळी लिहून झाल्या होत्या. "बरं झालं लवकर आलात," ती म्हणाली. "कपडे बदलते. साहेबांकडे माझ्याबरोबर चला." आणि ती आत गेली.

भिंगरीने कॉम्प्युटर बंद करून सुरू केला आणि सेटिंगमध्ये शिरला. बत्तीसशे. त्याने ते चोवीसशे केलं आणि बोट बटणावर ठेवलं. एवढं दाबलं की चुका थांबणार. चारेक दिवसांत तिला आपोआप बरं वाटू लागेल. पत्र आज नको, म्हणून काहीतरी थाप मारता येईल. कुणाला काही कळणार नाही.

पण नकाशात आधीच शिरलेल्या चुकांचं काय? आणि तिचं काय? आज थांबलं, पुन्हा कधी सुरू होईल, म्हणून ती जन्मभर धास्तावलेली राहणार. आणि पन्नाशीची ती थट्टा तिच्या जिवाला लागलेलीच राहणार. त्याचं बोट काही खाली जाईना.

"काय करताय?" ती मागे उभी होती.

"तुला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मी केलंय." आणि मग दुकानदारापासून दोरांपर्यंत सगळं त्याने एका दमात ओकून टाकलं.

तिने शांतपणे ऐकलं. "माझी समजूत घालायला रचताय."

"अगं नाही! थांब, दाखवतो." चोवीसशेचा बदल त्याने रद्द केला, बत्तीसशेच राहू दिलं, आणि रॅम तपासायचा प्रोग्रॅम लावला. पहिली तीन मिनिटं काहीच झालं नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलेला हा माणूस आता चूक सापडू दे म्हणून देवाला हात जोडत होता. चौथ्या मिनिटाला पडद्यावर एक लाल ओळ उमटली. मग दुसरी. मग ओळींची रीघच लागली. त्याने वेग चोवीसशेवर आणून पुन्हा तपासलं. तासाभरात एकही लाल ओळ आली नाही. तेवढा वेळ दोघं शेजारी शेजारी बसून होती, आणि भिंगरी एकदाही उठला नाही.

"बुधवारी मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"तेव्हा खरंच सुचलं नाही गं."

"आणि मघाशी? मी आत गेल्यावर गुपचूप मिटवायला निघाला होतात ना?"

"हो," तो म्हणाला.

तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. "साहेबांना सांगा. पट्टीचं, वेगाचं, सगळं. आठवडाभर मुदत मागा. गेल्या शनिवारची, पट्टी बसवण्याआधीची प्रत त्यांच्याकडे आहे, तिथून मी परत सुरू करते."

त्याने सांगितलं. सांगताना कान तापले, तरी एक शब्द गाळला नाही. साहेबांनी मुदत दिली.

फोन ठेवून त्याने बघितलं तर ती पर्समधून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढत होती. तिने ती त्याच्या हातात दिली. तिच्या नेटक्या अक्षरात आधी तिचं स्वतःचं नाव होतं, मग घराचा पत्ता, मग त्याचा फोन नंबर. खाली लिहिलं होतं: *घरात एक उंच माणूस दिसेल. तो तुझा नवरा. मोठ्यानं बोलतो, पण रागावलेला नसतो. घाबरायचं नाही.*

"गुरुवारपासून उशाशी घेऊन झोपत होते," ती म्हणाली. "सकाळी जाग आली की ती न वाचता आधी तुमच्याकडे बघायचे. ओळखू येताय का ते."