चारही गिअर पुढे

निवृत्तीला तीन आठवडे झाले आणि एका सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता लताबाई गांगुर्डे यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, "अहो, मी मोटारसायकल घेतेय."

संतोष सरांचा घास हातातच राहिला. सरांनी पंचवटीतल्या एका हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवलं होतं, आणि ती तीसही वर्षं ते चालत, बसने किंवा कुणाच्या तरी मागे बसून शाळेत गेले होते. सायकलच्या पलीकडे त्यांनी स्वतः कधी काही चालवलं नव्हतं.

"स्कूटर म्हणायचंय का तुला?"

"मोटारसायकल. गिअरची."

तसं पाहिलं तर सरांना धक्का बसायचं कारण नव्हतं. लताबाई पेठ तालुक्यात नर्स होत्या तेव्हा त्यांनी सोळा वर्षं लाल टू-स्ट्रोक गाडीवर लसींचा डबा बांधून पाडे पालथे घातले होते. गाडीचा आवाज वळणावर ऐकू आला की पाड्यावरच्या बाया तान्ही पोरं घेऊन बाहेर यायच्या, आणि कळत्या वयाची पोरं सुईच्या भीतीने उलट्या दिशेला पळत सुटायची. मग बदली नाशिकला झाली, गाडी विकली गेली, आणि बघता बघता अठरा वर्षं लोटली. या अठरा वर्षांत लताबाईंनी हँडलला हात लावला नव्हता. लायसन्स मात्र दर वेळी न चुकता रिन्यू करून घेतलं होतं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"अठ्ठावन्न वय आहे तुझं," सर म्हणाले.

"म्हणूनच. साठीची वाट कशाला बघू?"

पेठ फाट्यावर सलाउद्दीनभाईंचं गॅरेज होतं. लताबाईंची लाल गाडी त्यांनीच सांभाळलेली. भाईंची दाढी आता पांढरी झाली होती, पण लताबाई दारात दिसताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि हसून म्हणाले, "सिस्टर! सुई देऊ नका, बाकी काय पण सांगा."

लताबाईंनी सांगितलं. चाळीस हजारांपर्यंतची, जुनी चालेल, पण रस्त्यात रडवणार नाही अशी.

"मिळेल ना. फक्त एक वचन द्या. गाडी बघायची, रंग नाही बघायचा."

लताबाईंनी वचन दिलं आणि दुसऱ्याच दिवशी मोडलं.

मुंबई नाक्याजवळ जुन्या गाड्यांचं एक मोठं दुकान होतं. रांगेने पुसूनपुसून चकचकीत केलेल्या पन्नासेक गाड्या. लताबाई सरांना आणि भाईंना घेऊन आत शिरल्या, तर विक्रेता सरळ सरांकडेच गेला. "काका, तुमच्या उंचीला ही एकदम बरोबर बसेल."

"मला चालवता येत नाही," सर प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग मुलासाठी का?"

"मला मुलगा नाही. बायको आहे," असं म्हणून सरांनी मागे बोट केलं. पण बायको तिथे नव्हती. ती रांगेच्या टोकाला एका काळ्याभोर, साडेतीनशे सीसीच्या भल्यामोठ्या गाडीसमोर उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा भाव सरांनी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिला नव्हता.

किंमत ठरवलेल्यापेक्षा बरीच वर होती. तरी "नुसती बसून बघते" म्हणत लताबाई बसल्या. त्यांनी गाडी स्टँडवरून सरळ केली. डावा पाय टेकला तो फक्त चवड्यावर. गाडी उजवीकडे कलली. त्यांनी सावरली, तर ती डावीकडे कलली, आणि मग जी कलायला लागली ती थांबेचना. दमलेली म्हैस सावकाश बसावी तशी ती गाडी जमिनीवर आडवी झाली. लताबाई वेळेवर पाय काढून बाजूला झाल्या. आरसा फुटला. सगळं दुकान बघायला लागलं.

ती उभी करायला विक्रेता, सलाउद्दीनभाई आणि सर असे तिघे लागले. लताबाईंनी आरशाचे पैसे दिले आणि तडक बाहेर आल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

भाई हसले नाहीत. रस्त्यावर आल्यावर एवढंच म्हणाले, "सिस्टर, जी गाडी पडल्यावर आपल्याला एकटीला उचलता येत नाही, ती आपली नाही. घ्यायच्या आधीच कळलं हे बेस झालं."

त्यानंतरचे दहा दिवस शोधण्यात गेले. सिडकोत एक निळी गाडी होती, बघताक्षणी आवडावी अशी. भाईंनी आधी इंजिनावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. "गरम हाय. आम्ही येणार म्हणून तुम्ही आधीच चालू करून ठेवली. थंड असताना सुरू होत नसेल." मालक गाडी परत आत ढकलू लागला. सातपूरला एकीचं हँडल सरळ असताना चाक वाकडं धावत होतं. आडगावला एकीचा मालक कागदपत्रं मामाकडे आहेत म्हणाला, आणि मामा कुठे असतात ते मात्र त्याला आठवेना. रोज संध्याकाळी सर विचारायचे, "आज काय?" आणि लताबाई सांगायच्या. सर हळूहळू या गोष्टींची वाट बघायला लागले. पुढच्या गाड्या बघायला तेही हौसेने निघू लागले.

रविवारी मखमलाबादला जायचं ठरलं. गाडी शंभर सीसीची, चौदा वर्षं जुनी, पहिल्यापासून एकाच मालकाची. मालक सावळीराम अण्णा, नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले, वय शहात्तर. अंगणात सीताफळाच्या झाडाखाली गाडी उभी होती. सीटवर जुन्या चादरीचं शिवलेलं आच्छादन. भाईंनी इंजिनाला हात लावला. थंडगार. चेनला नुकतंच तेल दिलेलं. टायर मागचा झिजलेला होता, पण ते अण्णांनी स्वतःच आधी सांगितलं. शिवाय पेट्रोलच्या टाकीला डाव्या बाजूला पोचा होता, तोही त्यांनी बोट ठेवून दाखवला.

"हा पोचा यंदाचाच," आतून अण्णांच्या बायकोचा, कुसाबाईंचा, आवाज आला. त्या पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आल्या. "शेजाऱ्याच्या गेटात घातली यांनी. दिसत नाय नीट, गुडघा वाकत नाय, तरी रोज चावी मागत्यात. मी चावी लपवून ठेवलीय डाळीच्या डब्यात."

"कोणत्या डब्यात ते आता मला कळलं," अण्णा म्हणाले.

"गाडीच जाणार हाय, आता कळलं तर कळू द्या."

अण्णांनी सर्वांना खाटेवर बसवलं. लताबाईंना वाटलं, आता किमतीचं बोलणं निघेल. पण अण्णा म्हणाले, "गाडी तुम्हीच चालवणार ना? मग मला एक सांगा. तुम्ही आजवर किती वेळा पडलात?"

"का हो?"

"तीन गिऱ्हाइकं येऊन गेली. तिघंही म्हणाले, आम्ही कधीच पडलो नाही. मी तिघांनाही परतवून लावलं. न पडलेल्या माणसाला गाडी काय चीज आहे हे ठाऊक नसतं."

लताबाईंनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लहानसहान खूप वेळा. मोठी एकदाच. सावळघाटात. समोरून ट्रक आला, मी कडेला घेतली, आणि खडीवरून चाक घसरलं. गळ्याखालचं हाड मोडलं. महिना-दीड महिना घरी होते. नंतर गाडी दुरुस्त होऊन आली, दारात उभी राहिली, आणि मला तिच्याजवळ जाववेना. चावी हातात घेतली की तळव्यांना घाम सुटायचा. मग बदली आली. मला बरंच वाटलं. गाडी विकून टाकली. सगळ्यांना सांगितलं, आता शहरात काय गरज आहे."

सर खाटेवर त्यांच्याकडे वळले.

"तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगणार? सोळा वर्षं घाट चढले-उतरले, आणि आता भ्यायले म्हणून?"

"अगं, मला वाटत होतं तू आईमुळे सोडलीस." सरांचा आवाज बारीक झाला होता. "आई तेव्हा म्हणाली होती ना, आता पुरे झाली ही गाडी. मी गप्प बसलो. तुझी बाजू घेतली नाही. अठरा वर्षं माझ्या मनात आहे ते."

"त्यांचं मी कधी मनावर घेतलंच नव्हतं," लताबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. मग सरांनाही आलं. सलाउद्दीनभाई उगाचच पुन्हा चेन तपासायला उठले.

कुसाबाईंनी आत जाऊन चावी आणली. तिला डाळीची भुकटी लागलेली होती.

लताबाईंनी ओढणी कमरेला बांधली, भाईंचं हेल्मेट घातलं आणि गाडी स्टँडवरून काढली. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले. एका किकमध्ये इंजिन सुरू झालं. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून मातोरीच्या दिशेने. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा. तळव्यांना घाम होताच. दुसरा आणि तिसरा गिअर अण्णांनी निघताना सांगितला तसा पुढे दाबून पडला. तिसऱ्यावर गाडी जरा पळायला लागली तशी त्यांनी सवयीने चौथ्यासाठी पायाचा अंगठा गिअरखाली घालून वर ओढला. गाडी चौथ्याऐवजी दुसऱ्यावर आली आणि अशी किंचाळली की बांधावरचे बगळे उडाले. बागेत फवारणी करणाऱ्या माणसाने पंप थांबवून पाहिलं.

लताबाईंनी गाडी कडेला घेतली. पाहतात तर गिअरजवळ अण्णांनी पांढऱ्या रंगाने बारीक बाणही काढून ठेवलेला होता. त्यांची लाल गाडी पहिल्याला खाली आणि पुढच्या सगळ्यांना वर होती. हिचे चारही गिअर पुढे दाबायचे. चूक हाताची नव्हती, हिमतीची तर नव्हतीच. पायाला जुनी वाट आठवली होती, एवढंच. त्या हेल्मेटच्या आत एकट्याच हसल्या, आणि आपला तळवा कोरडा आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

मातोरीच्या अलीकडे एक ट्रॅक्टर समोरून आला, मागे द्राक्षाचे क्रेट भरलेली ट्रॉली. लताबाईंनी वेग कमी केला, रस्त्यावरून चाक उतरू दिलं नाही, आणि ट्रॉली शांतपणे बाजूने जाऊ दिली. मग वळून, वाटेत आणखी एकदा गिअर चुकवून, परत आल्या.

अण्णा गेटात उभेच होते. "गिअर चुकवलात ना? इथपर्यंत ऐकू आलं."

"चुकवला."

"किती वेळा?"

"दोनदा."

"मग घेऊन जा," अण्णा म्हणाले. भाव त्यांनी मागचा टायर वजा करून स्वतःच खाली आणला.

कागदपत्रं झाली, टायर नवा चढला. पहिले दोन आठवडे लताबाई पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत कॉलनीच्या रस्त्यांवर आठाचे आकडे काढत राहिल्या. ब्रेक कसा धरायचा, मागच्याला कसं जाऊ द्यायचं, सगळं पुन्हा नव्याने. सर बाल्कनीतून बघायचे, आणि एक दिवस खाली येऊन मागे बसले. बसताना त्यांनी विचारलं, "धरायचं कुठे?" लताबाई म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत हे मी सांगायचं का?"

अण्णा दर चार दिवसांनी फोन करून गाडीची खुशाली विचारत. तिसऱ्या आठवड्यात फोनवर कुसाबाई आल्या.

"सिस्टर, तुम्ही रविवारी मोकळ्या हायत का? मला माझ्या बहिणीकडं जायचंय, गिरणाऱ्याला."

"अण्णांना घेऊन रिक्षानं..."

"रिक्षानं नको. गाडीवर. चौदा वर्षं ही गाडी दारात होती, मी एकदा पण बसले नाय. यांच्या मागं बसायला लय भीती वाटायची. तुम्ही ट्रॅक्टरला वाट देता म्हणे."

रविवारी सकाळी मखमलाबादच्या त्या अंगणात कुसाबाई नवी साडी नेसून, डोक्यावर सरांनी विकत आणलेलं हेल्मेट घालून तयार होत्या. त्यांना सीटवर चढायला खाटेचा आधार घ्यावा लागला. बसल्यावर त्यांनी लताबाईंची कंबर अशी आवळली की लताबाईंचा श्वास अडकला.

"मावशी, जरा सैल."

"तुम्ही चला हो. मी धरलंय."

अण्णा गेटापर्यंत काठी टेकत आले आणि सूचना देत राहिले. खड्डा डावीकडे आहे, पुलावर जपून, उतारावर न्यूट्रल करू नका. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी ते बोलतच होते. संतोष सरांनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला, आणि दोघे नवरे सीताफळाच्या झाडाखाली खाटेवर बसून आपापल्या बायका परत येण्याची वाट बघू लागले.