बायजाबाईंचा अभिप्राय

नितेशने कंपनीतली नोकरी सोडली तेव्हा गावात कोणी विरोध केला नाही. विरोध करायला आधी विश्वास बसावा लागतो. नागोठण्याच्या बाजूला एका कारखान्यात तो ठेकेदाराचा माणूस म्हणून होता. शिफ्टला जायचा, शिफ्टहून यायचा आणि घरी असला की झोपायचा. त्यामुळे तो कायमचा घरी बसलाय हे लोकांच्या लक्षात येईपर्यंत पावसाळा संपला. थंडी पडल्यावर कळलं, की तो आता पोपटी विकणार आहे.

गाव कासू स्टेशनपासून चालत येण्यासारखं. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, की इथे घरोघर पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, अंडी, परवडली तर कोंबडी, पुन्हा पाला. मग मडकं शेतात उपडं घालून भोवती आग. ही वस्तू कोणी कोणाला विकत नाही. शेजाऱ्याला हाक मारतात आणि शेजारी उपकार केल्यासारखा येतो. नितेशचं म्हणणं, आपण मुंबईवाल्यांना हाक मारू, ते पैसे देऊन येतील. त्यासाठी वेबसाइट हवी.

मेहुण्याला हे पटलं नव्हतं. हर्षद, म्हणजे नितेशच्या बायकोचा, दिशाचा भाऊ, त्याच ठेकेदाराकडे सुपरवायझर होता.

"भावोजी, तुमची जागा संक्रांतीपर्यंत धरून ठेवतो," तो म्हणाला. "त्याच्यापुढं ठेवली तर मला धरतील."

नितेशला त्या शिफ्टला परत जायचं नव्हतं. का, ते त्याला नीट सांगता यायचं नाही. फार खोदून विचारलं तर म्हणायचा, पोरगी शाळेत जायला लागली, पण तिनं बापाला कधी उभा बघितलेला नाही, आडवाच बघितलाय.

पहिली वेबसाइट वाशीच्या कोणीतरी करून दिली होती. ती उघडायला लागायचा तेवढ्यात माणूस कासूला येऊन शेंगा खाऊन परत गेला असता. उघडलीच, तर एक गोरं कुटुंब कोशिंबिरीकडे बघून हसताना दिसायचं. 'आमच्याविषयी' असं एक पान होतं, ते कोरं होतं. फोन नंबर सगळ्यात शेवटी, आणि तोही वाशीवाल्याचाच. दिवाळीपासून डिसेंबर लागेपर्यंत त्या नंबरवर एकच फोन आला. पलीकडच्या माणसाला विमा विकायचा होता.

शेवटी नितेश पेणला अपेक्षाकडे गेला. एका पापडाच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस. पाटीवर वेबसाइट, लग्नपत्रिका आणि बॅनर, अशी तिन्ही कामं लिहिलेली; तिला आवडायचं पहिलं, पोट भरायचं दुसऱ्या दोघांवर. तिनं कोशिंबिरीचं कुटुंब पाहिलं.

"दादा, ही तुमची कोण?"

"कोणच नाय."

"मग लोकांनी तुमच्याकडं का यावं? तुम्ही कोण, कुठं राहता, जेवायला काय, जायचं कुठं, हे आधी कळलं पाहिजे. अनोळखी माणसाच्या शेतात कोण बायकापोरं घेऊन येईल?"

अपेक्षा कामाला चोख होती. तिनं नंबर वर आणला, नकाशा टाकला, जड फोटो काढून टाकले, पान पटकन उघडेल असं केलं. मग फोटो काढायला स्वतः गावात आली. नितेश, दिशा आणि नितेशची आई बायजाबाई शेतात ओळीनं उभी राहिली. आधार कार्डाच्या फोटोला लागतो तो चेहरा तिघांनीही केला.

"आजी, जरा हसा ना."

"हसाया काय झाला?" बायजाबाई म्हणाल्या.

फोटो तसाच लागला. खाली अपेक्षाने लिहिलं, 'हे आम्ही.' एवढ्यावर विचारणा सुरू झाल्या, पण यायचं कोणी ठरवेना. माणसं बघत होती आणि जात होती. अपेक्षाच्या मते आता अभिप्राय हवे होते. जे येऊन खाऊन गेलेत त्यांनी दोन शब्द लिहिले, की नव्या माणसाला धीर येतो.

येऊन खाऊन गेलेले होते शेजारचे नाथाभाऊ आणि त्यांची खाडीकडची पाहुणेमंडळी. इकडे चांगल्या वस्तूला तोंडावर चांगलं म्हणायची पद्धत नाही. जेवण उत्तम झालं तर 'बरा व्हता' म्हणतात आणि वाईट झालं तर काहीच म्हणत नाहीत, पुढच्या वेळी येत नाहीत. नाथाभाऊंनी पुष्कळ विचार करून लिहिलं, 'बरी व्हती.' पाहुण्यांनी त्याखाली लिहिलं, 'व्हय.'

"असं नको," नितेश म्हणाला. "ह्याच्यावर कोन येईल?" आणि अपेक्षाला न विचारता त्यानं रोह्याच्या आणि त्याला लागून असलेल्या अष्टमी गावच्या सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. जरा चांगलं लिहा, मोठं लिहा, असं सांगितलं.

नातेवाईक कामाला लागले. चांगलं आणि मोठं लिहिलेलं त्यांनी आयुष्यात एकाच ठिकाणी वाचलं होतं: चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर. दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर अभिप्रायांची रांग लागली. 'पोपटीसम्राट, तरुणांचे आशास्थान नितेशभाऊ यांस हार्दिक शुभेच्छा.' 'गोरगरिबांच्या हाकेला धावून जाणारे नेतृत्व.' 'अष्टमीकरांच्या हृदयात घर केलेली पोपटी. शुभेच्छुक: मिथुन आणि समस्त मित्रपरिवार.' एका आत्यानं 'भावी वाटचालीस' एवढंच लिहून सोडून दिलं होतं.

त्या आठवड्यात एकच फोन आला. डोंबिवलीचे एक गृहस्थ अदबीनं विचारत होते, "साहेब, तुम्ही जिल्हा परिषदेला उभे आहात का? नाही, आम्ही फक्त जेवायला आलो तर चालेल का?"

नितेश म्हणाला, चालेल. गृहस्थ म्हणाले, घरी विचारून सांगतो. त्यांना घरी काय उत्तर मिळालं ते कळलं नाही.

"काढून टाका हे," अपेक्षा फोनवर म्हणाली. "ह्यातल्या कोणी तुमच्याकडं पैसे देऊन खाल्लंय?"

"खाल्लीय ना. लहानपणापासून खातायत."

"दादा, माणूस दुकानात शिरला आणि आतले सगळेच एका सुरात ओरडायला लागले तर तो थांबेल का?"

नितेश बघतो म्हणाला. ज्यांना विनवण्या करून लिहायला लावलं त्यांचंच पुसायचं कसं, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. रोह्याची वाट पुढच्या लग्नसराईतही होतीच.

संक्रांत आठवड्यावर आली. हर्षदनं पुन्हा विचारलं. त्या दुपारी ओटीवर शेंगा निवडताना दिशानं सासूला मोबाइलवरचं कौतुक वाचून दाखवलं. बायजाबाईंचे हात थांबले.

"येवढा सगला गोडच?"

"गोडच."

"गो दिशा, पोराला न्हाऊ घालून गालाला तीट लावत्यात का नाय? येवढी तारीफ उघड्यावर टाकलीव, कोनाची नजर लागंल. म्हनून तर कोन येत नाय." त्यांना निदान अचूक वाटलं. "तीट लाव त्याला."

"आई, वेबसाइटला तीट कुठं लावू?"

"वाकडा शब्द लिव एक. मी सांगतंय तसा लिव."

दिशा वीस वर्षांची असताना या घरात आली होती आणि सासूशी कुठे वाद घालायचा हे शिकली होती. इथे घालायचा नव्हता. तिनं जसंच्या तसं लिहिलं:

'मी बायजा, नितेशची आय. पोरगा मीठ जास्ती टाकतो, सांगितला तर ऐकत नाय. गेल्या रविवारी अंडी फुटली. संडास घराच्या मागं हाय, चांगला हाय, पन पानी बादलीनं घ्यावा लागतो. म्हस व्यालीय, गाना वाजवायचा नाय. दारू पिऊन आलात तर मी हाकलून देईन. याचा तर या.'

संध्याकाळी नितेशनं ते वाचलं आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

"आये, धंदा बुडवायचा हाय का तुला?"

"बुडवायला वर कवा आला?" बायजाबाई म्हणाल्या.

"अंडी फुटल्याचा कशाला लिवलास?"

"फुटली नाय?"

पुसायचं कसं ते त्याला येत नव्हतं. त्यानं अपेक्षाला फोन लावला. ती चुलत बहिणीच्या हळदीला गेली होती, आणि आपल्याकडच्या हळदीत फोन वाजला तरी तो डीजेचाच भाग वाटतो. दुसऱ्या दिवशीही ती उचलेना. नितेशनं मनानं नोकरी धरली. कंपनीतले बूट माळ्यावरून काढून उन्हात ठेवले.

बूट उन्हात असतानाच ठाण्याहून एका बाईंचा फोन आला.

"ते संडासाचं खरंय का हो?"

नितेशनं डोळे मिटले. "खरंय, मॅडम."

"म्हणजे आहे. आणि स्वच्छ आहे."

"हाय. पण बादली—"

"बादलीचं आम्ही बघू. तुम्हाला सांगते, मी सहा ठिकाणं बघितली. निसर्गाच्या कुशीत, निसर्गाच्या कुशीत, सगळीकडं तेच. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, मला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं. आणि दारू पिऊन येणाऱ्यांना त्या खरंच हाकलतात?"

"माझ्या मामाला हाकललाय."

"बरं. आम्ही रविवारी वीसजण येतो. आई असतील ना?"

मग आणखी फोन आले. कोणाला म्हशीचं रेडकू बघायचं होतं, कोणाला मीठ कमी हवं होतं, आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, आई असतील ना? अपेक्षा हळदीहून घसा बसलेल्या अवस्थेत परत आली, तिनं आकडे पाहिले आणि बसलेल्या आवाजात म्हणाली, "ह्याला हात लावू नका." रोह्याच्या मंडळींचं कौतुक तिनं परस्पर खालच्या पानावर नेलं. तिथे ते कोणाच्या वाटेत येत नव्हतं आणि नातेवाइकांना मात्र सापडत होतं.

तो रविवार संक्रांतीच्या आधीचाच होता. ठाणेकर आले. सासूबाईंना संडास दाखवून झाला, पसंत पडला. मडकी लागली. बायजाबाई खुर्ची टाकून बसल्या आणि तिथून दिसेल ते सगळं चूक आहे असं सांगू लागल्या. पाहुणे त्यांच्याभोवती बसले. नितेश राखेत वाकून आग सारखी करत होता, आणि पोरगी त्याला पेंढा आणून देत होती.

हर्षद आला तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. त्यानं गर्दी बघितली, गाड्या बघितल्या.

"मावशी," त्यानं बायजाबाईंनाच विचारलं, "मग काय करू? भावोजींना घेऊ का शिफ्टला?"

"ने की. तिथं तरी कोनाचा ऐकंल."

पाहुणे खो खो हसले. नितेश हसला नाही. आईनं आयुष्यात त्याला एकदाही बरं म्हटलेलं नव्हतं आणि तिच्या लेखी हा मायेचा भाग होता, हे त्याला माहीत होतं. पण आता हा मायेचा भाग दर रविवारी वीस माणसांसमोर, ठरलेल्या वेळी होणार होता. कंपनीतला साहेब शिव्या द्यायचा, पण त्याची शिफ्ट तरी संपायची. समोर पेंढा घेऊन पोरगी त्याच्याकडे बघत होती. नितेश सरळ उभा राहिला. हातातलं फडकं त्यानं खांद्यावर टाकलं.

"नको, हर्षद. जागा दुसऱ्याला दे."

"बघा हां. नंतर मागाल तर नाय मिळायची."

"नाय मागत."

हर्षदनं तिथल्या तिथे, कधीपासून काम मागणाऱ्या गावातल्या शिवाला फोन लावला. शिवानं कुठली शिफ्ट एवढंच विचारलं आणि हो म्हणाला. इतक्या वर्षांची नोकरी अर्ध्या मिनिटात दुसऱ्याची झाली.

"उभा काय ऱ्हायलास?" खुर्चीतून आवाज आला. "पानी मारून बघ मडक्यावर."

नितेशनं ओंजळभर पाणी मारलं. ते चर्रकन उडून गेलं, म्हणजे पोपटी झाली होती. ठाणेकरांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनी बायजाबाईंकडे बघितलं.

"मगाशीच झाली असंल," त्या म्हणाल्या. "काढ आता."