तापलेल्या ग्राफिक्स कार्डाची धाप

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. कार्ड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रेशनचं येईल. मी तसला नव्हे. कॉम्प्युटरच्या पेटीत बसून पडद्यावरचं प्रत्येक चित्र रंगवायचं, हे माझं काम. काम वाढलं की मला ताप चढतो, म्हणून माझ्या अंगावर दोन पंखे बसवले आहेत. त्यांना वारा मिळाला की ताप उतरतो. न मिळाला तर काय होतं, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म कुठल्याशा परमुलखातल्या कारखान्यातला. पुण्यातल्या एका मुलाने मला गेम खेळायच्या छोट्या कॉम्प्युटरात बसवलं. पेटी पोळ्यांच्या डब्याहून जराशी मोठी. आत जागा इतकी कमी, की माझे पंखे खाली तोंड करून बसले आणि हवा यायची ती पेटीच्या बुडाच्या चिरांमधून. चार रबरी पायांनी ते बूड टेबलापासून बोटभर उचललेलं. तेवढ्या फटीतून मी श्वास घ्यायचो. तीन वर्षं मी त्याच्या मोटारी पळवल्या, राक्षस पाडले. "कसलं भारी चालतंय!" असं म्हणून तो मित्रांना बोलावून दाखवायचा. मग त्याच्याकडे नवा कॉम्प्युटर आला आणि मी पेटीसकट विकला जाऊन सोलापूरला, तेजश्रीच्या घरी आलो.

तेजश्री एकोणीस वर्षांची. तिची आई मनकर्णाबाई टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते. घरात मोलाची वस्तू आली की तिच्याखाली कापड अंथरायचं, ही मनकर्णाबाईंची रीत. टीव्हीखाली कापड, मिक्सरखाली कापड. माझ्यासाठी तर त्यांनी ठेवणीतला जाडजूड टॉवेल काढला, चार घड्या घातल्या आणि वर पेटी ठेवली.

"लेकीचं शिक्षान हाय त्यात," त्या म्हणाल्या. "उघड्या टेबलावर कसं ठिवायचं?"

पेटीचे पाय त्या मऊपणात रुतले. चिरा बुजल्या. मी श्वास ओढला तर सुताचे केस आत आले. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं, मित्रांनो. पण सांगणार कसं? मला जीभ नाही.

तेजश्री चाळीस सेकंदांची फिल्म करत होती. पाण्याच्या रांगेतून एक घागर पळून जाते आणि सगळी गल्ली तिच्यामागे धावते, अशी. अ‍ॅनिमेशनच्या कॉलेजला प्रवेशासाठी ती सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची होती. पोचली नाही तर आईशेजारच्या मशीनवर बसायचं, हे मायलेकींनी ठरवून टाकलं होतं.

त्या फिल्मची नऊशे साठ चित्रं मला रंगवायची होती. मे महिना, वर पत्रा. पंधरा-वीस चित्रं झाली की पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा माझ्या तापाचा आकडा नव्वदीपार जायचा, पंखे किंचाळायचे आणि पडदा काळा व्हायचा. मग तेजश्री पुन्हा बटण दाबायची. दर वेळी मला वाटायचं, आता आपण काही उठत नाही.

शेवटी तिने दीपकमामाला बोलावलं. मामा कूलर-पंखे दुरुस्त करतो. त्याने मला सोडवलं, ब्रशने धूळ काढली, पाठीवरचा उष्णता ओढून घेणारा लेप वाळला होता, तो खरवडून नवा लावला. दुकानात नेऊन लोखंडी जाळीच्या मांडणीवर दिवसभर चालवलं. तिथे खालून मोकळा वारा. मी एकदाही बंद पडलो नाही. घरी आलो, टॉवेलावर बसलो आणि अर्ध्या तासात पडदा काळा.

"माझ्याकडं गपगुमान चालतंय की हे!" मामा वैतागला. "हितं आलं की नखरे. सासुरवास हाय का रं बाबा तुला?"

"मामा, चेष्टा नको. परवा सोमवार आहे."

"मग कार्डच गेलं समज, तेजे. भंगारात जाणार ते."

मामाच्या दुकानात मी एक पोतं पाहिलं होतं. त्यात माझीच भावंडं होती, पंखे उपटलेली, पाठी सोललेली. त्या रात्री मी बंद होतो, तरी गार पडलो नाही.

रविवारभर पडत-उठत रंगवूनही सोमवारी सकाळी तीनशे चित्रं उरली होती. एकेकाला सव्वा मिनिट. तेजश्री पडद्याला खिळलेली. दहा वाजता गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं, पाणी!" पाचव्या दिवशी आलेलं पाणी. मनकर्णाबाईंनी त्यासाठी कामाला खाडाच केला होता. त्यांनी माठ तिवईवरून उतरवून घासायला घेतला, चादरी ओढल्या, अभ्रे ओढले. नळाला लावलेला पाइप निसटला आणि टेबलावर पाणी उडालं. आणि मग, मित्रांनो, मी चालू असतानाच त्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलली.

"आई! चालू आहे ते! वायर सुटेल!"

"न्हाय सुटत. टेबल वलं झालंय, आन् टॉवेल बघ किती मळलाय."

मी अधांतरी. खाली फरशीवर पाणी. पडलो असतो तर हे सांगायला उरलो नसतो. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, रिकामी झालेली माठाची तिवई टेबलाशेजारी ओढली आणि पेटी तिच्यावर टेकवली. लोखंडाचं नुसतं कडं आणि तीन पाय. खाली सगळं मोकळं.

मी श्वास घेतला. आकडा उतरू लागला. एक्याण्णव. चौऱ्याऐंशी. शहात्तर.

तेजश्री आधी घाबरली. काहीतरी बिघडलंच, असं तिला वाटलं. मग ती वाकली, तिवईखाली हात घातला. थोडा विचार करून तिने एक वही पेटीच्या बुडाला दाबून धरली. आकडा चढला. वही काढली. आकडा उतरला.

"आई, हे खालून श्वास घेतं गं."

मनकर्णाबाईंचे हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले. "म्हंजी इतके दिवस म्याच त्याचं नाक दाबलं व्हतं?"

"चांगल्या टॉवेलानं दाबलंस की," तेजश्री म्हणाली आणि तिला हसू आलं. बाईंना आलं नाही. हात पुसून त्या तिवईपाशी खाली बसल्या. आजारी माणसाच्या नाकाशी धरावा तसा मधूनमधून बुडाखाली हात धरायच्या. तेवढा वेळ माठ कोपऱ्यात रिकामा पडून होता.

तीनला माझा एक पंखा खरखरला. तेजश्रीने डोळे मिटून घेतले. वीज गेली तर? पंखा अडला तर? मी जपून फिरत राहिलो. सव्वाचारला शेवटचं चित्र झालं. पाचला आठ मिनिटं असताना फिल्म पोचल्याचा निरोप पडद्यावर आला.

"आता बंद कर गं त्याला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जीव दमलाय त्याचा."

निकाल अजून लागलेला नाही. खरखर वाढते आहे. ते पोतं मला अजून आठवतं, आणि भीती वाटते ती वाटतेच. मित्रांनो, एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र तापलं, अडलं, तर त्याला वाया गेलेलं ठरवण्याआधी एकदा खाली वाकून बघा. मायेने अंथरलेलं काही असेल, तर तेही उचलून बघा. आमच्यातले पुष्कळ जण सांगता येत नाही म्हणून जातात.