पाऊण मैलावरचं मैदान

संध्याकाळचे साडेपाच वाजले की म्हैसूरच्या अग्रहारातल्या हणमंतराव शिंप्यांच्या दुकानापुढच्या जगलीवर, म्हणजे त्या लांबट दगडी ओट्यावर, मंडळी जमत. मंडळी म्हणजे काही मोठा जमाव नव्हे. बँकेतून निवृत्त झालेले वेंकोजीराव विजयनगर वस्तीतून बसने येत, आणि गंगाधरराव मागच्याच गल्लीतून चपला फटफटवत येत. हणमंतराव आत उभे राहून कापडावर खडूने रेघा मारता मारता बोलत. तिघांची वयं मिळून दोनशेच्या वर. पण विषय एकच, खेळ. आपल्या गावचा, आपल्या कॉलेजचा, आपल्या संघाचा. अशी एखादी जगली तुमच्याही गल्लीत असेल.

आणि अशा प्रत्येक जगलीच्या मागे एक पडदा असतो.

हणमंतरावांच्या दुकानातल्या अर्ध्या पडद्याआड सरस्वतीबाई बसत. काजं, बटणं, हातशिलाई, उसवलेलं पुन्हा शिवणं, हे सगळं त्यांचं काम. लग्न होऊन आल्या तेव्हापासून, एकोणीसशे एकोणसत्तरपासून, पंचेचाळीस वर्षं. बाहेर कोण काय बोलतं ते सगळं आत ऐकू येई. आतून मात्र बाहेर फक्त कॉफी जाई.

“हा कसला आपला संघ?” वेंकोजीराव त्या दिवशी तावात आले होते. राज्याच्या लीगमध्ये म्हैसूरचा संघ फायनलला पोचला होता. “लिलावात घेतलेली पोरं! यंदा म्हैसूरची, पुढच्या वर्षी हुबळीची. अग्रहार कुठं आहे ते तरी त्यांना ठाऊक आहे का?”

“चेंडू कुठं आहे ते ठाऊक आहे ना? तेवढं साकु, पुरे झालं!” गंगाधरराव म्हणाले. “तुमच्या कॉलेजची पोरं एक पॅड दोघांत वाटून घ्यायची. हे बघा, कसे झेपावतात!”

“अय्यो, झेप बघायची तर एकोणसत्तरची! बेंगळूरच्या कॉलेजचा शेवटचा गडी, चार धावा हव्यात, चेंडू उंच गेला, आणि आमच्या रणोजीनं सीमेवर...”

“फत्तेसिंग होता तो.”

“रणोजी! या डोळ्यांनी बघितलंय मी.”

“त्या डोळ्यांना तेव्हाही चष्मा लागत होता, लावत नव्हतात एवढंच.”

हा वाद त्या ओट्याइतकाच जुना झाला होता. दोघांनाही तो मिटायला नको होता. पण त्या दिवशी पडद्याआडून आवाज आला, “रणोजीराव नव्हते.”

तिघेही वळले. सरस्वतीबाई सुईतून दोरा ओवत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “त्या मॅचनंतर रणोजीरावांची पँट नुसती बटणासाठी आली होती. गुडघा फाटला होता तो फत्तेसिंगरावांचा.”

मग वेंकोजीराव खो खो हसले. “घ्या! आम्ही मैदानावर बसून बघितलं ते खोटं, आणि वहिनींनी पँटीत बघितलं ते खरं!”

सरस्वतीबाईंनी दोऱ्याला गाठ मारली. पण ते थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. त्या काळी कॉलेजच्या संघाचे पांढरे कपडे याच दुकानात शिवले जात. धोब्याकडे अदलाबदल नको म्हणून प्रत्येक कंबरपट्टीच्या आत लाल दोऱ्यानं नावाचं अक्षर घालायचं काम नव्या नवरीकडे आलं. मॅच झाली की फाटकं-तुटकं गाठोडं दुरुस्तीला येई. ते सोडून त्या एकेक कपडा निरखत. मांडीवर तांबडा डाग, म्हणजे चेंडू घासला. यानं गोलंदाजी केली. गुडघ्याला हिरवं, म्हणजे हा पडला, पण चेंडूसाठी पडला. शर्टाच्या पाठीवर सुकलेल्या घामाचं मीठ, म्हणजे हा दिवसभर उन्हात खेळत राहिला. काहीच डाग नाही, तर बिचाऱ्याला बाहेरच बसवलं असावं. अशी सगळी मॅच त्या मांडीवर पसरून वाचत, आणि मग साबणाने पुसून टाकत.

तेव्हा गाव शांत होतं. मोटारी कमी. महाराजा कॉलेजचं मैदान दुकानापासून पाऊण मैलावर. वारा इकडचा असला की तिथला गलका अग्रहारात ऐकू येई. मशीनचं पायडल थांबवून त्या कान लावत. एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलंही होतं, “मला नेता का एकदा?” हणमंतराव म्हणाले होते, “पुढच्या मॅचला जाऊ.” पुढच्या मॅचला सासूबाई आजारी होत्या. मग मोठा मुलगा पोटात, मग धाकटी, मग दिवाळीची कामं, मग दसऱ्याची. पुढची मॅच काही आली नाही.

“बरं, वाद राहू दे,” गंगाधररावांनी खिशातून पाकीट काढलं. “जावयानं फायनलचे पास पाठवलेत. चार! आपण तिघं झालो. चौथा कोण?”

मग नावं निघाली. समोरचा कुंकवाचा दुकानदार? त्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. शेषगिरी? तो मध्येच झोपतो. वेंकोजीरावांचा शेजारी? पण तो बेंगळूरच्या संघाचा, त्याला कशाला फुकट न्यायचं? दहा नावं निघाली, दहाही पडली.

“मी येऊ?” सरस्वतीबाईंनी विचारलं.

हातातली सुई थांबली होती. हे पुन्हा विचारायला त्यांना पंचेचाळीस वर्षं लागली होती.

“तुम्ही?” वेंकोजीराव पुन्हा हसले. “वहिनी, तिथं काय हळदीकुंकू आहे? आणि तुम्ही मैदानावर, मग आम्हाला आल्यावर कॉफी कोण देणार?”

गंगाधररावही हसले. हणमंतराव हसले नाहीत, पण कात्री चालवत म्हणाले, “ऊन असतं गं तिथं. आणि तुला काय कळणार त्यातलं?”

सरस्वतीबाईंनी मान हलवली आणि काज घ्यायला लागल्या. ते काज वाकडं झालं. त्यांच्या हातचं काज वाकडं झाल्याचं हणमंतरावांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्यांनी ते पाहिलं नाही. चौथा पास कुंकवाच्या दुकानदाराला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ किंचित लंगडत जगलीवर चढले. काखेत कागदात गुंडाळलेला निळा ब्लेझर होता.

“हणमंतराव, तुमच्याच हातचा आहे. जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे कॉलेजात. पोट वाढलंय, दोन इंच सोडता येईल का?”

“फत्तेसिंगराव!” वेंकोजीराव उभेच राहिले. वनखात्याच्या नोकरीत फत्तेसिंगराव जन्मभर शिवमोग्ग्याकडे होते. आता इथंच नजरबादेत घर घेऊन राहिले होते. ज्याच्याबद्दल इतकी वर्षं बोललो तो माणूस समोर! वेंकोजीरावांनी त्यांना धरून ओट्यावर बसवलं. “आता तुम्हीच सांगा यांना. एकोणसत्तरची फायनल. शेवटचा झेल रणोजीनंच घेतला, अल्वा?”

“रणोजीनं?” फत्तेसिंगराव मोठ्यानं हसले. “त्याच्या पायात गोळे आले होते हो, तो बाहेर बसला होता. झेल मी घेतला. हे लंगडणं त्याचीच देणगी. थंडी पडली की गुडघा अजून आठवण करून देतो.”

वेंकोजीरावांचं तोंड उघडंच राहिलं. गंगाधरराव टाळी द्यायला सरसावले, पण त्यांचाही हात मध्येच थांबला. तिघांची नजर पडद्याकडे गेली.

“हिनं काल हेच सांगितलं,” हणमंतराव हळूच म्हणाले.

“कुणी? अक्कांनी?” फत्तेसिंगरावांनी पडद्याकडे बघून नमस्कार केला. “तुम्ही होता मैदानावर?”

“नाही,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “उजवा गुडघा फाटून आला होता तुमचा. गवताचा डाग होता, आणि थोडं रक्त. रक्त गेलं, गवत गेलं नाही. आतून अस्तर लावून दिलं होतं.”

“अस्तर!” ते थक्क होऊन बघत राहिले. “तरीच. ती पँट मी पुढं दोन वर्षं घातली. मग मॅच कुठली बघितलीत तुम्ही आमची?”

“कुठलीच नाही.”

“एकही नाही?”

“मैदानच नाही बघितलं अजून.”

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. म्हणूनच ते ऐकवेना.

“हणमंतराव,” फत्तेसिंगराव म्हणाले, “राग मानू नका. मैदान पाऊण मैलावर आहे. तिकीट नाही, दार नाही. आम्ही अकरा जण खेळलो, तुम्ही टाळ्या वाजवल्या. आणि जिनं आमच्या प्रत्येक धडपडीवर टाका घातला तिला तुम्ही पंचेचाळीस वर्षांत तिथवर नेलं नाही? खेळाचे रसिक म्हणवता ना स्वतःला? मीही काही वेगळा नाही म्हणा. माझी आई माझे कपडे दगडावर आपटायची, म्हणायची, कसला रे हा डाग? मी म्हणायचो, तुला नाही कळायचं. अहो, आपण कळूच दिलं नाही! कामात त्यांचा वाटा धरला, आनंदात धरलाच नाही!”

“मी सांगतो तिला यायला,” हणमंतराव गडबडून म्हणाले. “अजून एखादा पास मिळाला तर...”

“नको,” सरस्वतीबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या पडदा सारून बाहेर आल्या होत्या. “पाहुण्यांनी लाजवलं म्हणून नको. काल मी विचारलं होतं. तेव्हा नाही म्हणालात ना, मग झालं.”

आणि त्या कॉफीचे रिकामे लोटे उचलून आत गेल्या.

त्या संध्याकाळी जगली लवकर रिकामी झाली. वेंकोजीरावांनी नेहमीपेक्षा आधीची बस धरली. हणमंतराव ब्लेझरची शिवण उसवायला बसले. उसवता उसवता त्यांच्या ध्यानात आलं की आतल्या बाजूला, खिशाच्या मागे, फत्तेसिंगरावांच्या नावाचं लाल अक्षर आहे. किती बारीक टाके! कुणाला दिसणार नाहीत अशा जागी, विशीतल्या मुलीनं घातलेले. हणमंतराव शेजारीच उभे होते तेव्हा. त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

गुरुवारी सकाळी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“आज कॉलेजची मॅच आहे. फायनल नाही, कुणी मोठं येणार नाही. मला जायचंय, पण एकट्यानं नाही. माझं चुकलं, सरस्वती. नुसतं परवा नाही, तेव्हापासूनच. येतेस का?”

सरस्वतीबाईंनी गॅस बंद केला. “साडी बदलते,” एवढंच म्हणाल्या.

रस्ता चालायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. झाडांची रांग संपली, आणि त्या थबकल्या.

“केवढं हे!”

त्यांच्या मनातलं मैदान देवळाच्या अंगणाएवढं होतं. हे तर नजरेत मावत नव्हतं. वर नुसतं आभाळ, बाजूच्या पायऱ्यांवर मोजून पंधरा माणसं. आणि ती मुलं! “एवढी लांब लांब उभी असतात? एकेकटी?” त्यांना गाठोड्यात अकरा जण एकत्र भेटले होते. प्रत्येक जण आपल्यापुरत्या गवतावर असा एकटा उभा असतो, हे कुठल्या डागानं सांगितलं असतं?

हणमंतराव हळू आवाजात नियम सांगू लागले. त्या म्हणाल्या, “ते ठाऊक आहे हो. पडदा पातळ होता. नुसतं बघू द्या.”

त्या बघत राहिल्या. चेंडू गवतावरून पळाला. एक काटकुळा मुलगा जिवाच्या आकांतानं त्याच्यामागे धावला आणि सीमेच्या अलीकडे अंग झोकून दिलं. सरस्वतीबाई उभ्या राहिल्या. “भले रे बाळा!” त्यांचा आवाज मैदानभर गेला. मुलगा गुडघे झाडत उठला, पायऱ्यांकडे बघून हसला. त्या मात्र रडत होत्या. विसाव्या वर्षी जे बघायचं ते पासष्टाव्या वर्षी बघितलं. मुलं तीच होती म्हणावं तर तीच, पण ज्यांच्या नावाचं अक्षर त्यांना पाठ होतं त्यातलं एकही आता तिथं धावणार नव्हतं.

तेवढ्यात कुणीतरी वरच्या पायरीवर येऊन बसलं. वेंकोजीराव होते.

“वहिनी,” पुढे वाकून ते म्हणाले, “परवा हसलो मी.”

“जाऊ द्या हो, भावजी.”

“नाही, ऐका. आमची शांता जाऊन तीन वर्षं झाली. मी मॅचहून घरी आलो की दार उघडताना रोज एकच विचारायची, कोण जिंकलं? आणि मी म्हणायचो, तुला काय करायचंय, ताट वाढ. चाळीस वर्षं, वहिनी! मला वाटायचं, सुम्ने विचारते, काहीतरी बोलायचं म्हणून. परवा तुम्ही ‘मी येऊ’ म्हणालात आणि मी हसलो. नंतर बसमध्ये बसलो आणि उलगडलं, ती काय विचारत होती.” त्यांनी चष्मा काढला. “आता मॅच संपली की घरी जायला पाय उचलत नाही. कोण जिंकलं ते सांगायचं कुणाला?”

सरस्वतीबाईंनी पिशवीतून कोडबळी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. तिघेही शेवटचा चेंडू पडेपर्यंत बसून राहिले.

पुढच्या गुरुवारी मैदानावर गंगाधरराव पत्नीला घेऊन आले, आणि कुंकवाचा दुकानदार आपल्या म्हाताऱ्या आईला. जगलीवर आता गल्लीतल्या पाच-सहा जणीही बसतात. वाद पूर्वीपेक्षा जास्त होतात आणि कॉफी ज्याची त्याला आणावी लागते.

वाचकहो, आपल्या घरात कुणी तरी आपल्या आनंदाचे कपडे शिवतं, डबे भरतं, मागचं आवरतं. त्यांना त्यातलं काय कळतं, असं आपण न विचारताच ठरवून टाकतो. हा मोठा अन्याय आहे, आणि तो रागानं होत नाही, सवयीनं होतो. म्हणूनच तो दिसत नाही. तो मोडायला कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. ‘येतेस का?’ एवढे दोन शब्द पुरतात.

वेंकोजीरावांना ते आता कुणाला विचारता येत नाहीत. तुम्हाला अजून येतात.